पावण्याची इचारपूस

"आधी कौल लावूक व्हयो," धाकू गुरव म्हणाले, आणि मी मान वर करून छपराकडे पाहिलं.

छपराला खरोखरच एक कौल नव्हतं. पडवीच्या मधोमध भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप खाली उतरत होती आणि शेंदूर फासलेल्या एका लोखंडी गोळ्याच्या डोक्यावर पडत होती. मी बार्शीची. आमच्याकडे धाब्याची घरं नाहीतर पत्रे. कौलारू घरांबद्दल माझ्यापाशी कौतुक भरपूर आणि माहिती शून्य.

"लावू या की," मी उत्साहाने म्हणाले. "मीच आणते बाजारातून. एकच लागेल ना?"

पडवीत बसलेली माणसं एकदम हसत सुटली. एका म्हाताऱ्याला तर हसता हसता ठसका लागला. ज्यांच्या घरी हे सगळं चाललं होतं त्या सुभद्राकाकी आरोलकर स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, छपरावरचा कौल नाय गो. देवाचो कौल. हेच्या अंगाक हात लावूक देतस काय, म्हणान आधी देवाकच इचारूचा."

हेदोळीतली माझी ही पहिली सकाळ. त्यानंतर तिथे मला कोणी संशोधक वगैरे मानलं नाही. 'कौलवाली बाय' हीच माझी ओळख झाली आणि आजही, इतक्या वर्षांनी, तीच आहे.

हेदोळी तिवरगडाच्या पायथ्याशी आहे आणि तिवरगड खाडीच्या तोंडाशी. कधीकाळी फिरंग्यांची गलबतं या खाडीत शिरली आणि गडाची नि त्यांची तोफांनी चांगलीच जुंपली. माझे मार्गदर्शक खांबेटे सर या लढाईवर लिहीत होते आणि मी पुण्यात त्यांच्या हाताखाली प्रबंधाला धडपडत होते. पाण्यावरची लढाई मागे फारसं काही ठेवत नाही. रानातल्या लढाईत निदान घोड्यांचे नाल, बंदुकीच्या शिसाच्या गोळ्या असलं काही नांगराला लागतं. इथे जे होतं ते खाडीने गिळलं होतं. उरला होता तो काकींच्या पडवीतला हा एक गोळा. गलबतं इतकी जवळ आली होती की त्यांचा गोळा गडाच्या डोक्यावरून उडून गावात पडला, असं सरांचं म्हणणं होतं आणि या एका गोळ्यावर त्यांनी अख्खा लेख उभा केला होता. गोळा मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तो पाहायला मला धाडलं होतं.

गावाचंही म्हणणं तेच होतं, फक्त जास्त रंगतदार. फिरंग्यांचा गोळा आरोलकरांचं छप्पर फोडून पडवीत पडला, भोवती बसलेल्या एकालाही खरचटलं नाही, तेव्हा हा नुसता गोळा नव्हे, देव आहे आणि लांबून आपल्याकडे आलाय. म्हणून त्याचं नाव पावणो. पावणो म्हणजे पाहुणा. वर्षातून एकदा त्याचा मोठा पाहुणचार होई, त्याला पावणेर म्हणत. त्या दिवशी अख्खं गाव काकींच्या घरी जेवे आणि पहिलं पान या पाहुण्याचं वाढलं जाई. ग्रामदेव रवळनाथाचं पान त्याच्यानंतर. देव झाला तरी घरचाच, पाहुण्याच्या आधी त्याला कसं वाढायचं?

आणि याच पाहुण्याच्या जिवावर काकींचं घर टिकून होतं. काकी विधवा, मूलबाळ नाही. चुलत दीर वासू आरोलकर यांचा आपला मुलगा दिगू काकींना दत्तक द्यायचा फार दिवसांचा बेत होता. दत्तक दिगू जाणार आणि घर, माडाची बाग वासूभाऊंच्या हाती येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण घरात पाहुणा असताना वाटणी, दत्तक असले विषय काढायचे नाहीत, हा हेदोळीचा रिवाज. आणि काकींचा पाहुणा तर कधी जातच नव्हता.

"पावणो घरात आसा, भावजी," वासूभाऊंनी तोंड उघडलं की काकी एवढंच म्हणायच्या. "तो जावंदे. मगे बोलूया."

तर कौल. धाकू गुरवांनी गोळ्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला, हात जोडले आणि गाऱ्हाण्याला आवाज लावला.

"बा देवा पावण्या महाराजा!"

"व्हय महाराजा!" पडवी गरजली.

"आज ह्या लेकरू बार्शीसून तुझ्या पायाकडे इला हा!"

"व्हय महाराजा!"

"तेका तुका उचलूचो आसा, उलटो करूचो आसा आणि पट्टीन मापूचो आसा!"

या वेळचा 'व्हय महाराजा' जरा बारीक निघाला.

"तेका तुझी परवानगी आसा काय, ता सांग!"

डावी पाकळी पडली. पडली कसली, तिने उडीच मारली.

माझं तोंड उतरलं. एसटीने अंग खिळखिळं करून घेऊन इथवर आले होते आणि देवाने एका पाकळीत निकाल लावला होता. धाकू गुरवांवर मात्र काहीच परिणाम दिसेना. त्यांनी खाली बसून अडकित्त्याने सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"प्रश्न चुकलो," ते शेवटी म्हणाले. "पावणो घरात इलो तर तेका कोण उलटो करून बघता काय? पावण्याची इचारपूस करतत. खयसून इलास, कोणाकडसून इलास, वाटेत तरास नाय मा झालो, असा."

"पण करायचं तर तेच आहे ना?" मी म्हणाले.

"करूचा ताच. इचारूचा येगळा," धाकू गुरव म्हणाले आणि नव्या पाकळ्या भिजवू लागले.

दुसरं गाऱ्हाणं सुरू झालं. ह्या लेकराक तुझी इचारपूस करूची आसा, तू कोणाचो, खयचो ता जाणून घेवचा आसा. व्हय महाराजा, व्हय महाराजा. मधेच खांबाला टेकून बसलेले वासूभाऊ उठले. गडी उंच, मिशा भरदार, आवाज खणखणीत.

"आणि जा काय कळात," ते म्हणाले, "ता पावणेराच्या दिवशी भर सभेत, देवासमोर सांगाक व्हया! लपवाछपवी नाय!"

"व्हय महाराजा!" मंडळी म्हणाली.

या खेपेला उजवी पाकळी पडली. सावकाश, जरा विचार करून पडल्यासारखी.

दोघातिघांनी मिळून गोळा उचलला आणि घडी केलेल्या घोंगडीवर आडवा ठेवला. वर शेंदराचे थरावर थर होते, पण बुडाला हात लागत नसल्यामुळे तिथे शेंदूर नव्हता. मी ओणवी होऊन पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

फिरंग्यांचे गोळे साच्यात ओतलेले असतात. साच्याच्या दोन वाट्या जिथे जुळतात तिथे गोळ्याच्या कमरेभोवती बारीकशी कड राहते. ही कड बघायलाच मी आले होते. कड कुठेच नव्हती. उलट घणाचे ठोके स्पष्ट दिसत होते, चपटे, एकाला लागून एक. कोणा लोहाराने लोखंड तापवून, ठोकून ठोकून गोल केलेला हा गोळा होता. आपल्याकडे गडागडांवर असेच गोळे घडवत.

"काय गावला, म्याडम?" वासूभाऊंनी विचारलं.

"अजून नक्की नाही," मी म्हणाले. "गडावर जाऊन तोफ बघायला हवी."

तोफ म्हटल्यावर वासूभाऊंची छाती फुगली. आरोलकरांची दोन घरं. काकींचं खालचं आणि वासूभाऊंचं वरचं. वासूभाऊंचे पूर्वज रामजी आरोलकर गडावर गोलंदाज होते आणि त्यांनी एका गोळ्यात फिरंग्याच्या गलबताची डोलकाठी उडवली, ही कथा वासूभाऊ शिमग्याला, दसऱ्याला आणि कोणी ऐकणारं भेटलं तर मधल्या दिवसांतही सांगत. दुसऱ्या दिवशी गडावर ते स्वतः मला घेऊन गेले. दिगूही आमच्याबरोबर होता. हा विशीतला तरणाबांड मुलगा प्रत्येक वळणावर बसायचा. घरी असला की झोपाळ्यावर पडून असायचा, असं काकींनी सांगितलंच होतं.

"माका मुंबैक जावचा आसा, ताई," बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो मला म्हणाला. "गोदीत काम गावता हा. पण बाबा म्हणतत, आधी दत्तक जा."

दक्षिणेकडच्या बुरुजावर ती तोफ करवंदीच्या जाळीत पडलेली होती. वासूभाऊंनी कोयत्याने जाळी तोडली आणि तिच्यावरून माया करावी तसा हात फिरवला.

"ह्या तोफेचो नेम कधी चुकाक नाय," ते म्हणाले.

मी तोंडातला व्यास मोजला. मग आदल्या दिवशी घेतलेलं गोळ्याचं माप आठवलं आणि पुन्हा मोजला. काकींच्या पडवीतला गोळा या तोफेत अगदी हवा तसा, बोटभर सैल बसत होता. बुरुजाच्या ढासळलेल्या दगडांत हात घालून पाहिलं तर तसाच दुसरा एक गोळा लागला, गंजलेला, पण मापाला तोच आणि अंगावर तेच घणाचे ठोके. तोफेच्या दोन्ही अंगांना गाड्यावर टेकायला दोन खुंट असतात, त्यांना कान म्हणतात. या तोफेचा एक कान मुळापासून तुटला होता. बार उडताना कान तुटला की तोफ गर्रकन वळते. ही कुठे वळली असेल ते बघायला मी तिच्या मागे उभी राहिले. समोर माड होते आणि माडांमधून काकींचं छप्पर दिसत होतं.

वासूभाऊ अजून डोलकाठीबद्दलच बोलत होते.

खाली आले तेव्हा काकी वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, तांदूळ कांडत होत्या. पावणेराची तयारी. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. लपवणार तरी किती? पाहुणा परका नव्हता. तो आपल्याच गडावरून, आपल्याच तोफेतून, चुकून आला होता. म्हणजे तो पाहुणाच नव्हता. आणि घरात पाहुणा नसला की वासूभाऊ दिगूला घेऊन दारात उभे राहणार, हे मी सांगायची गरज नव्हती.

काकींचं मुसळ थांबलं.

"वासूच्या खापरपणज्याच्या तोफेतलो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की? दुसरी तोफ नाय?"

"नक्की. पण काकी, मी सभेत सांगते की काही कळलं नाही. कळलं नाही म्हटलं तर कोण काय करणार?"

"देवासमोर खोटा बोलतलस?" काकी एवढ्या जोरात ओरडल्या की परसातली कोंबडी फडफडली. "आणि ता पण माझ्या घरातल्या देवासमोर? काय शिकवल्यानी गो तुका पुण्याक?"

या बाईचं घर जायला मीच कारण होणार होते आणि तीच मला खरं बोलायला लावत होती. माझे डोळे भरून आले. काकींनी पदराने ते पुसले, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःखासारखं काही दिसेना. उलट त्या कसलासा हिशेब जुळल्यासारख्या मुसळाकडे बघत होत्या.

"खरा ता सांग," त्या म्हणाल्या. "फकत एक कर. वासू बोलाक लागलो काय मधी बोला नको. तेका बोलांदे. पोटभर बोलांदे."

मग त्या पुन्हा कांडायला लागल्या आणि कांडता कांडता चक्क गुणगुणायला लागल्या. मला वाटलं, म्हातारपणी धक्का बसला की माणसं अशी वागत असतील.

पावणेराच्या दिवशी पडवी, अंगण, माडाचे बुंधे, सगळीकडे माणसं बसली होती. स्वयंपाकघरातून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा आणि वड्यांचा वास येत होता, त्यामुळे सभेने लवकर आटपावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. धाकू गुरवांनी मला गोळ्यासमोर उभं केलं. मी साचा, कड, घणाचे ठोके, तोफेचं तोंड, तुटका कान, सगळं क्रमाने सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हा गोळा फिरंग्यांचा नाही. आपल्या गडावरचाच आहे. रामजी आरोलकरांच्या तोफेतला."

ठसकेवाला म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमच्याच तोफेन आमच्याच गावार गोळो मारल्यान?"

"असं दिसतंय."

"मगे रामजीचो नेम रे?" म्हातारा वासूभाऊंकडे वळला. "डोलकाठी खय, आणि हेदोळी खय!"

अंगणात हशा पिकला. माडाखालच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वासूभाऊ लालबुंद झाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. त्यांची पंचाईत मला दिसत होती. नेम सांभाळावा तर गोळा फिरंग्यांचा ठरून पाहुणा कायम. पाहुणा घालवावा तर खापरपणजोबांचा नेम जातो. काही वेळ त्यांच्या मिशा नुसत्याच हलत राहिल्या आणि मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"चुकाक नाय!" ते गरजले. "रामजीचो नेम चुकाक नाय! तेनी मुद्दाम मारल्यान!"

"गावार?"

"गावार नाय, गावाक! देव धाडल्यान गावात! लढाई चालली हुती, गावाची राखण करूक कोणतरी व्हयो म्हणान आपल्या हातान ह्यो देव ह्या घरात धाडल्यान. नायतर एकाक तरी लागला असता मा? कोणाक लागाक नाय. हेका नेम म्हणतत!"

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. पटण्यासारखं नव्हतं, पण गावाच्या अब्रूला बरं होतं. दोघातिघांनी माना हलवल्या आणि वासूभाऊंना जोर चढला.

"तेव्हा ह्यो पावणो न्हय," ते म्हणाले. "ह्यो आमच्या वरच्या घरचो. ह्या घरात पावणो नाय, आणि कधी नव्हतोच. आणि पावणो नाय तर दिगूचो इषय काढूक आता कोणाची हरकत नसाक व्हयी."

दिगूने खांबाआड तोंड लपवलं. मी काकींकडे पाहिलं. त्या वडे तळताना उठून आल्या होत्या, हाताला पीठ होतं. झारा त्यांनी शेजारणीच्या हातात दिला आणि पदराला हात पुशीत त्या सभेच्या मधोमध आल्या.

"भावजी, परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "चुलीकडे हुतंय, नीट आयकाक येवक नाय. ह्यो तुमच्या घरातसून इलो?"

"व्हय!"

"रामजीन आपल्या हातान दिल्यान? चुकून नाय?"

"चुकून कित्याक? जाणून दिल्यान!"

"आणि आमच्या घरातल्यांनी घेतल्यांनी? टाकून नाय दिल्यांनी? खावक-जेवक घातल्यांनी, वाढवल्यांनी?"

"व्हय, ता आमी खय नाय म्हणतो..."

"देवासमोर सांगतास मा?"

"देवासमोर सांगतंय! शंभर येळा सांगतंय!"

"एकदा पुरे," काकी म्हणाल्या आणि धाकू गुरवांकडे वळल्या. "काका, तुमी जाणते. भावकीतल्या एका घरान आपल्या हातान दिल्यान, दुसऱ्या घरान पदरात घेतल्यान, वाढवल्यान. गावान बघितल्यान, देवासमोर कबूल झाला. हेका आपल्यात काय म्हणतत?"

धाकू गुरवांची सुपारी तोंडातल्या तोंडात थांबली. त्यांनी काकींकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, मग वासूभाऊंकडे पाहिलं आणि ते हसू दाबण्याच्या फंदात पडलेच नाहीत.

"दत्तक," ते म्हणाले.

पडवीत एक क्षण कोणाला काहीच उमगलं नाही. मग माडाखालून एका बाईच्या हसण्याचा आवाज आला, मग दुसरीचा, आणि ते हसू अंगणभर पसरलं. मलाही तेव्हाच उलगडलं की काकी मुसळाकडे बघत काय जुळवत होत्या.

"ह्या घरात वरच्या घरातलो दत्तक कवाच इललो आसा," काकी म्हणाल्या. "आता आणि दुसरो कित्याक?"

"लोखंडाचो?" वासूभाऊ किंचाळले. "लोखंडाचो झील? कायद्यात बसणा नाय ह्या!"

"कायद्याचा माका ठावक नाय," काकी म्हणाल्या. "पण तुमच्या दिगूपेक्षा बरो. दिगू झोपाळ्यार बसता, ह्यो पडवीत बसता. खाणा मात्र दिगूपेक्षा कमी."

दिगू खांबाआडून बाहेर आला. मला वाटलं, पोरगं चिडलं. पण त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मुंबईची गोदी त्याला समोर दिसत असणार.

"देवाकच इचारा!" तो ओरडला. "कौल लावा, काका!"

झालं. पाकळ्या भिजल्या, चिकटल्या. धाकू गुरवांनी प्रश्न असा काही घडवला की त्यांच्याइतका खूश कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. बा देवा, इतके दिवस तुका पावणो म्हटला, आमची चूक पदरात घे. तू वरच्या घरचो, खालच्या घरात दिललो, ह्या सुभद्रेचो झील म्हणान ह्या घरात रवतस काय? प्रत्येक वाक्यावर 'व्हय महाराजा' होत होतं आणि सगळ्यात मोठा आवाज दिगूचा होता.

दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. वासूभाऊ डाव्या पाकळीकडे डोळे वटारून पाहत होते. काकींनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. इतका वेळ मजा वाटत होती, पण त्या बंद डोळ्यांकडे पाहून मला समजलं की हा डाव असला तरी खेळ नव्हता. देव नाही म्हणाला असता तर त्यांनी मुकाट घर दिलं असतं.

उजवी पाकळी हलली, लोंबली आणि पडली.

माणसांनी काय आरडाओरडा केला ते सांगता येत नाही. वासूभाऊ मटकन खाली बसले. ठसकेवाल्या म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "वासू, रामजीचो नेम खराच चुकाक नाय रे! बरोबर तुझ्याच घरार बसलो!" आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात शेवटी वासूभाऊही हसले. आधी मिशीत, मग मोकळेपणी. खापरपणजोबांचा नेम भर सभेत शाबूत राहिला होता, एवढं तरी त्यांच्या वाट्याला आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. खांबेटे सरांनी माझं टिपण वाचून दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला आणि मग लेख बदलला. दिगू मुंबईला गेला आणि तिथे मात्र भरपूर काम करतो. काकींच्या घराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. कोर्टात हे टिकलं असतं का, असं मला अजून लोक विचारतात. हेदोळीतून कोर्टात कोणी गेलंच नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. पानं मांडायची वेळ आली तेव्हा वाढपी नेहमीसारखा पहिलं पान घेऊन गोळ्याकडे निघाला. काकींनी त्याला अडवलं.

"पयला पान रवळनाथाक," त्या म्हणाल्या.

"आणि हेका?"

"तो आता पावणो नाय. घरचो आसा. तो मागसून जेवतलो."

पहिल्या पानाचा मान त्यांनी असा सहज सोडून दिला आणि मला वाईट वाटलं. एवढं जिंकून हे का हरायचं? गाव जेवलं, पंगतीमागून पंगती उठल्या, भांडी घासून झाली. दुपार कलली तेव्हा पडवीत आम्ही दोघीच उरलो. काकींनी दोन केळीची पानं आणली आणि एक गोळ्यासमोर, एक त्याच्याच शेजारी आपल्यासाठी मांडलं.

"पावण्याच्या पंगतीक यजमानीण बसणा नाय," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "तेका वाढूचा, हात जोडूचे आणि आत जावन एकट्यान जेवचा. घोव गेल्यापासून ताच करी हुतंय."

त्यांनी दोन्ही पानांवर भात वाढला, वरून सांबारा घातला. गोळ्याच्या पानावर एक वडा जास्त ठेवला. मग मांडी घालून त्याच्या शेजारी बसल्या, पहिला घास हातात घेतला आणि थांबल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुशीतही नव्हत्या. एका माशीने गोळ्याच्या पानाभोवती घिरटी घातली. काकींनी डाव्या हाताने ती हाकलली आणि गोळ्यावर अशा काही खेकसल्या की मी दचकले.

"जेव मेल्या, बघतस काय! भात निवता."